घोडा कुणाचा, चित्र कुणाचं

मार्गशीर्ष सरत आला की नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. देवळात जेवढी रांग, तेवढीच गर्दी जनावरांच्या बाजारात. गाढवं येतात, उंट येतात, लाल कंधारी आणि देवणी बैल येतात. पण या बाजाराचा खरा मान घोड्याचा. मुरुड, औसा, अहमदपूरकडचा एखादा शौकीन इथे घोडा घ्यायला येतो तेव्हा त्याची पाहणी ठरलेल्या क्रमाने चालते. आधी ओठ वर करून दात. मग खूर. मग मागच्या पायांची ठेवण, छातीची रुंदी, मानेचा बाक. अंगावर हात फिरवून केसांचे भोवरे शोधायचे. गळ्यावर देवमण नावाचा भोवरा असला तर मालकाचा आवाज आपोआप चढतो. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर जनावर पंचकल्याणी, भाव आणखी वर. एवढं सगळं झाल्यावर मग घोडा चालवून दाखवायचा, आणि रेवाल चालीत स्वाराची बैठक हलत नाही ना, हे बघायचं. म्हणजे आधी उभा घोडा, नंतर चालता घोडा. पळणाऱ्या घोड्यावर कुणी सौदा ठरवत नाही.

अठराव्या शतकातल्या इंग्रज चित्रकारांनी शर्यतीच्या घोड्यांची जी शेकडो चित्रं काढली, ती पाहायला असाच डोळा लागतो. संग्रहालयात जाऊन रंगसंगती आणि प्रकाशछाया शोधणाऱ्यापेक्षा माळेगावचा व्यापारी ती चित्रं लवकर वाचेल, असं मला वाटतं. कारण ती विकत घेणारी माणसंही घोड्यातली होती. त्यांना कला हवी होती का? काहींना हवीही असेल. पण सगळ्यांना हवा होता तो आपला घोडा, नेमका आपलाच, शेजाऱ्याच्या घोड्यापासून वेगळा ओळखू येईल असा.

जॉर्ज स्टब्सने १७६५ च्या सुमारास काढलेलं ‘गिमक्रॅक’ या घोड्याचं चित्र घ्या. गिमक्रॅक हा अंगाने लहान, करड्या रंगाचा घोडा, पण शर्यतीत भलताच चिवट. चित्र न्यूमार्केट या शर्यतींच्या गावाच्या माळरानावरचं आहे. उजव्या अंगाला, दूरवर, गिमक्रॅक इतर तीन घोड्यांना बराच मागे टाकून धावतो आहे. आणि डाव्या अंगाला, अगदी जवळ, तोच गिमक्रॅक शर्यत संपवून उभा आहे. चाबूकस्वाराने त्याला धरलं आहे, मोतद्दाराचा पोऱ्या त्याचं अंग चोळतो आहे, आणि जॉकी बाजूला थांबला आहे. एकाच कॅनव्हासवर एकच घोडा दोन वेळा. आपल्याला याचं नवल वाटू नये. अजिंठ्याच्या भिंतींवर एकाच कथेत तोच राजा महालातही दिसतो आणि जरा पुढे हत्तीवर बसून निघालेलाही दिसतो. गोष्ट सांगायची तर काळ असा शेजारीशेजारी मांडावाच लागतो.

पण या चित्रातली खरी खुबी वेगळीच आहे. मागे प्रेक्षकांसाठीची इमारत दिसते, तिची दारं-खिडक्या बंद आहेत. माणसांची गर्दी कुठेच नाही. म्हणजे ही जाहीर शर्यत नव्हे, मालकाने आपल्या घोड्याचा दम अजमावण्यासाठी घेतलेली चाचणी असावी, असा अर्थ जाणकार लावतात. ज्यांनी पैसे लावायचे, त्यांनाच कळावं असं हे दृश्य. मालक होता लॉर्ड बॉलिंगब्रोक, आणि चित्राचे पैसे त्याचे. तो स्वतः चित्रात कुठेच नाही. २०११ साली हे चित्र लंडनच्या लिलावात सुमारे सव्वादोन कोटी पौंडांना गेलं.

मालक चित्राबाहेर आणि त्याची माणसं चित्रात, ही मांडणी समजायला मराठी माणसाला एक सोपी वाट आहे. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकार होते. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला तर शिलेदाराचं नुकसान, बारगिराचं नाही. ही पद्धत पुढेही टिकली. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, निजामाच्या खर्चाने चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जन्टची घोडदळाची छावणी होती आणि तिथला स्वार शिलेदार पद्धतीचाच होता. न्यूमार्केटच्या चित्रांत दिसतो तो जॉकी बारगीर समजा. रंगीत रेशमी सदरा त्याच्या अंगावर असतो खरा, पण तो रंग त्याचा नसतो, मालकाचा असतो.

स्टब्सचा बाप लिव्हरपूलला चामडं कमावायचा. मुलगा १७२४ साली जन्मला आणि कातडं, शिरा, सांगाडे यांच्या सहवासात वाढला. तिशी ओलांडल्यावर त्याने जे केलं ते कुठल्याही कलाशाळेत शिकवलं नसतं. लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो या खेड्यात एक शेतघर घेऊन तिथे तो सुमारे दीड वर्ष मेलेले घोडे फाडत बसला. सोबतीला होती फक्त त्याची सहचरी मेरी स्पेन्सर. घोड्याच्या रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरायची, म्हणजे त्या फुगून जागच्या जागी राहतात. मग धड छताला लटकवलेल्या दांड्यांना आकड्यांनी टांगायचं, पाय उभ्या घोड्यासारखे खाली टेकवायचे, आणि कातडीपासून हाडापर्यंत एकेक थर उतरवत चित्र काढत जायचं. एकेक घोडा कित्येक आठवडे तसाच टांगलेला असे. थंडीच्या मुलखातसुद्धा त्या घराची दुर्गंधी काय असेल, याची कल्पना जनावर कुजलेलं पाहिलेल्या माणसालाच येईल. आपल्याकडे असं काम ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्यांच्या ज्ञानाला कुणी ज्ञान म्हटलं नाही. स्टब्स मात्र त्याच कामाच्या बळावर उमरावांच्या दिवाणखान्यात पोचला.

हॉर्कस्टोला काढलेल्या चित्रांचे ठसे कोरायला लंडनचे कारागीर तयार होईनात, म्हणून स्टब्सने ते काम स्वतःच शिकून घेतलं. ‘घोड्याची शरीररचना’ हा ग्रंथ १७६६ साली निघाला. त्यातली अठरा पानभर चित्रं अजूनही पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतील अशी आहेत. तोवर त्याच्याकडे कामांची रीघ लागली होती. रॉकिंगहॅमच्या मार्क्विसने, जो पुढे दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, आपल्या ‘व्हिसलजॅकेट’ घोड्याचं चित्र त्याच्याकडून काढून घेतलं. हे चित्र जवळजवळ खऱ्या घोड्याएवढं आहे, पावणेतीन मीटरहून उंच. मागे ना आभाळ, ना माळ, ना मोतद्दार. फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर मागच्या पायांवर उठलेला एकटा घोडा. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९७ साली ते एक कोटी दहा लाख पौंडांना घेतलं, आणि आज तिथे येणारी मुलं त्याच्यापुढे थांबतात.

मला मात्र स्टब्सच्या उतारवयातलं एक चित्र जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘हॅम्बलटोनियन’. मार्च १७९९ मध्ये न्यूमार्केटला हॅम्बलटोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची चार मैलांहून लांब शर्यत झाली. पैज तीन हजार गिनींची. गिनी म्हणजे एक पौंड आणि वर एक शिलिंग. इंग्लंडमध्ये घोड्यांचे लिलाव अजूनही गिनीतच बोलले जातात. हॅम्बलटोनियन अगदी थोडक्याने जिंकला, पण दोन्ही घोड्यांना चाबकाने आणि टाचेच्या काट्यांनी इतकं मारलं होतं की ते रक्तबंबाळ झाले होते. मालक सर हेन्री व्हेन-टेम्पेस्टने विजयाचं चित्र मागितलं. पंचाहत्तरीच्या घरातल्या स्टब्सने काय दिलं? बारा फूट रुंदीचा कॅनव्हास, त्यावर शर्यतीने मोडून गेलेला घोडा, कान मागे, जबडा उघडा, शिरा फुगलेल्या. आणि शेजारी मोतद्दार व चाबूकस्वार, दोघेही सरळ तुमच्याकडे बघताहेत. त्या नजरेत अभिमान दिसत नाही. मालकाने पैसे द्यायला नकार दिला. स्टब्सने कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. चित्र आज उत्तर आयर्लंडमधल्या माउंट स्टुअर्ट या वाड्यात आहे. मालकाच्या पैशाने काढलेल्या चित्रात मालकाविरुद्ध साक्ष द्यायची, ती मोतद्दाराच्या डोळ्यांतून, हे त्या काळात दुसऱ्या कुणाला इतकं जमलेलं मला तरी दिसत नाही.

स्टब्सच्याच हातून उतरलेला आणखी एक घोडा सांगायला हवा: ‘एक्लिप्स’. १७६४ च्या एप्रिलमध्ये सूर्यग्रहण चालू असताना तो जन्मला म्हणून हे नाव. आपल्याकडे ग्रहणात जन्मलेल्या शिंगराला घेणाराच मिळाला नसता. तिकडे तो आधी राजघराण्यातल्या कंबरलंडच्या ड्यूककडे होता, मग वाइल्डमन नावाच्या मांसाच्या व्यापाऱ्याने तो घेतला, आणि पुढे डेनिस ओकेली या आयरिश जुगाऱ्याच्या हाती आला. १७६९ आणि १७७० या दोन हंगामांत तो अठरा शर्यती धावला आणि एकही हरला नाही. त्याचा खापरपणजोबा ‘डार्ली अरेबियन’ हा सीरियातल्या अलेप्पोहून १७०४ साली विकत घेतलेला अरबी घोडा. आज जगात धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांपैकी बहुतांश घोड्यांची पितृशाखा एक्लिप्सपर्यंत जाते. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पळणारे घोडे त्याच कुळातले. म्हणून तिकडे चित्राइतकीच वंशावळही जपली गेली. दोन्ही कागद मालकीचेच. आणि गंमत अशी की भोवऱ्यांची जी पाहणी आपण अडाणीपणा समजून हसण्यावारी नेतो, ती आजच्या रेसच्या घोड्याच्या ओळखपत्रात आहे. घोड्याचा आराखडा छापलेला असतो आणि पशुवैद्य त्यावर प्रत्येक भोवऱ्याची जागा खुणेने दाखवतो, कारण भोवरा जन्मभर जागा सोडत नाही. शुभ-अशुभ तेवढं गळालं.

आता धावण्याकडे येऊ, कारण तिथे या सगळ्या चित्रकारांची मोठी फजिती आहे. उभा घोडा त्यांनी हाडापर्यंत अचूक काढला. पळता घोडा मात्र जवळजवळ सगळ्यांनी चुकीचा काढला. जेम्स सेमूर, जॉन वूटन, पुढे फ्रान्सहून येऊन १८२१ साली एप्समची डर्बी ही शर्यत रंगवणारा झेरिको, सगळ्यांच्या चित्रांत घोड्याचे पुढचे दोन पाय पुढे ताणलेले, मागचे दोन मागे ताणलेले, आणि पोट जमिनीला समांतर. असा कुठलाही घोडा कधीच पळत नाही. तरी दीडशे वर्षं कुणाला खटकलं नाही, अगदी घोड्यावर आयुष्य घालवणाऱ्यांनाही. डोळ्याला चौखूर उधळलेल्या घोड्याचे पाय दिसतच नाहीत. दिसतो तो वेग. वेगासाठी एक आकार ठरून गेला आणि चित्रकार तोच गिरवत राहिले. आपल्या देवघरातल्या खंडोबाच्या टाकावरही घोडा असतो, आणि त्याचा कुठला पाय कुठे आहे हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही.

हा आकार मोडला तो कॅमेऱ्याने. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लिलँड स्टॅनफर्ड यांच्या पालो आल्टोच्या माळावर १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिजने ओळीने बारा कॅमेरे लावले. घोडा धावताना वाटेतले दोरे तुटत आणि एकेक झाप उघडत जाई. ‘सॅली गार्डनर’ नावाच्या घोडीच्या छायाचित्रांतून दिसलं की चारही खूर एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे खरं, पण ते पाय ताणलेले असताना नव्हे. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात तेव्हा. लोकांना आधी ती छायाचित्रंच विचित्र वाटली. दगा आहे म्हणणारेही होते. चित्रकारांत देगासारख्यांनी ती नीट अभ्यासली. इंग्लंडमध्ये मग हुशार चित्रकारांनी शर्यतीचा तो मधला क्षणच टाळायला सुरुवात केली. सफकच्या पाणचक्कीवाल्याचा मुलगा आल्फ्रेड मनिंग्ज, जन्म १८७८, विसाव्या वर्षी एका डोळ्याने आंधळा झालेला, पुढे रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष. त्याच्या रेसच्या चित्रांत घोडे बहुतेक वेळा अजून सुटलेले नाहीत. रेषेवर घुटमळणारे, एकमेकांना धक्के देणारे, जॉकींच्या हातून निसटू पाहणारे. माझ्या मते हा पळ काढणं नव्हे. त्या गोंधळात घोड्याचा स्वभाव दिसतो, तो पळताना दिसत नाही.

जॉन फ्रेडरिक हेरिंगचं नाव इथे घ्यायचं ते चिकाटीसाठी. हा आधी घोडागाड्यांच्या दारांवर आणि खाणावळींच्या पाट्यांवर चित्रं काढायचा, रात्रीची घोडागाडीही हाकायचा. डॉनकास्टरला सेंट लेजर नावाची शर्यत १७७६ पासून होते. तिच्या ओळीने तेहेतीस वर्षांच्या विजेत्यांची चित्रं हेरिंगने काढली. त्यांचे छापील ठसे खेड्यापाड्यांतल्या दारूच्या गुत्त्यांत लागले, आणि ज्याच्याकडे खेचरसुद्धा नव्हतं त्याच्या भिंतीवरही उमरावाचा घोडा आला.

आणि गर्दी? ती पहिल्यांदा मन लावून काढली विल्यम फ्रिथने. १८५८ साली रॉयल अकॅडमीत लावलेल्या त्याच्या ‘डर्बी डे’ या चित्रापुढे एवढी रेटारेटी झाली की कठडा बसवावा लागला. या चित्रात शर्यत जवळजवळ नाहीच. आहेत ते वाट्यांखाली वाटाणा लपवून भोळ्यांना लुबाडणारे, खिसेकापू, भविष्य सांगणाऱ्या बाया, आणि डोंबाऱ्याचा एक पोरगा, जो कसरत विसरून श्रीमंतांच्या फराळाकडे टक लावून बघतो आहे. माळेगावला तीनपत्तीवाला, पाळणेवाला, तमाशाचे तंबू आणि फुगेवाल्याच्या मागे लागलेलं पोर एकदा पाहिलं असेल, तर या चित्राला समजावून सांगणाऱ्या पाटीची गरज नाही. घोडा निमित्त, माणसं खरी.

हा खेळ इंग्रजांबरोबर मुंबईला आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्याच्या मैदानावर शर्यती भरत. त्यात धावत मुख्यतः अरबी घोडे, कारण बसऱ्याकडून येणारी घोड्यांची गलबतं मुंबई बंदरातच लागत. १८२८ ते १८३३ या काळात मुंबईतून ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझीन’ निघत असे, त्यात शिकार आणि शर्यतींची वर्णनं भरलेली. १८८३ पासून शर्यती महालक्ष्मीला गेल्या. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई, हे वेळापत्रक अजून चालू आहे. पण मुंबईला कुणी स्टब्स लाभला नाही. साहेबाची बदली होई, घोडा विकला जाई. आणि हौशी धनिक तयार झाले तोवर छायाचित्रकारही आले होते, स्वस्त आणि चटकन काम देणारे.

या गोष्टीतला मराठी पदर दिसतो तो मुंबईत नव्हे, बडोद्याच्या गायकवाडांकडे. सयाजीराव तिसरे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८६३ साली शेतकऱ्याच्या घरात गोपाळराव म्हणून जन्मले, दत्तक गेले, आणि बडोद्याला त्यांनी युरोपीय चित्रांचं दालन असलेलं संग्रहालय उभं केलं. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी पैसा घातला तो घोड्यांत. १९४३ साली महालक्ष्मीला पहिली इंडियन डर्बी झाली ती त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ने जिंकली. १९४५ साली इंग्लंडची डर्बी जिंकणाऱ्या ‘डान्टे’चा सख्खा भाऊ त्याच वर्षी लिलावात निघाला, तेव्हा प्रतापसिंहरावांनी अठ्ठावीस हजार गिनी मोजल्या. एका वर्षाच्या शिंगराला तोवर कुणी एवढी किंमत दिली नव्हती. त्याला नाव ठेवलं आजोबांचं: ‘सयाजीराव’. न्यूमार्केटला त्यांनी वॉरन प्लेस हा तबेला घेतला आणि सॅम आर्मस्ट्राँग या प्रशिक्षकाच्या हाती घोडे दिले.

१९४७ साली सयाजीराव एप्समच्या डर्बीत तिसरा आला, आयरिश डर्बी जिंकला, आणि सप्टेंबरमध्ये डॉनकास्टरची सेंट लेजर जिंकला, तीच शर्यत जिचे विजेते हेरिंग रंगवत असे. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलाचं नाव इंग्लंडच्या सगळ्यात जुन्या क्लासिक शर्यतीच्या यादीत गेलं. देश स्वतंत्र होऊन महिनाही झाला नव्हता. इकडे लातूरजवळचं मुरुड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, रझाकारांचा जोर वाढत होता, आणि मराठवाड्याला सुटायला अजून एक वर्ष जायचं होतं. एक घोडा आणि अठ्ठावीस हजार गिनी, ही बातमी त्या दिवसांत इकडे कुणापर्यंत पोचली असती तर ऐकणारा काय म्हणाला असता, ते लिहिण्याजोगं नाही. बडोद्यातही प्रजेची कुरकुर होतीच. त्याच वर्षी इंग्लंडच्या रेसकोर्सवर निकालासाठी कॅमेरा बसला, आणि कोण नाकभर पुढे होतं हे ठरवायला माणसाच्या डोळ्याची गरज उरली नाही.

पुढच्या वर्षी प्रतापसिंहरावांच्या ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. १९५१ साली भारत सरकारने त्यांची गादी काढून घेतली. सयाजीराव घोडा मात्र आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यात वळूघोडा म्हणून राहिला. तिथल्या त्या जागेचं नावच बरोडा स्टड. त्याचा एक मुलगा ‘इंडियाना’ १९६४ साली बापासारखाच सेंट लेजर जिंकला, आणि विजेत्याच्या नावापुढे बापाचं नाव छापायच्या तिकडच्या रीतीप्रमाणे सयाजीराव हे नाव डॉनकास्टरच्या नोंदींत पुन्हा एकदा उमटलं.